क्लाउड प्रिंटिंग: ‘जायचे का’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या ऑफिसात क्लाउड प्रिंटिंगचा विषय निघाला, की टेबलाभोवतीचे तिघे तीन वेगळ्या गोष्टी मनात धरून बोलतात. मालकाला बाणेरच्या घरून मोबाइलवर बटण दाबले की भोसरीच्या ऑफिसात कागद पडलेला हवा असतो. नेटवर्क सांभाळणाऱ्याला कोपऱ्यातला प्रिंट सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची छपाई सांभाळणारा कॉम्प्युटर, एकदाचा काढून टाकायचा असतो. अकाउंट्समधल्या मॅडमना वाटते, आप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो, तसेच काहीतरी असणार. निर्णय मात्र तिघांना मिळून एकच घ्यायचा असतो.

गुंता शब्दातच आहे. तो सोडवायचा तर एवढेच पाहावे: प्रिंटची रांग, म्हणजे छापायला पाठवलेल्या कामांची यादी, कुठे उभी राहते? यूएसबीने जोडलेल्या प्रिंटरची रांग त्याच कॉम्प्युटरवर असते. शेअर केलेल्या प्रिंटरची रांग तो ज्या मशीनला जोडलाय तिथे, आणि मोठ्या ऑफिसात सर्व्हरवर. क्लाउड प्रिंटिंगमध्ये ही रांग इंटरनेटपलीकडे, दुसऱ्याच्या मशीनवर जाते. प्रिंटर हाताच्या अंतरावर असला तरी बिलाचा मजकूर आधी गावाबाहेर जाऊन परत येतो. मोबाइलवरून छापता आले म्हणजे क्लाउड झाले, असे नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये आयफोनवर आलेली एअरप्रिंटची सोय त्याच वाय-फायवरच्या प्रिंटरशी थेट बोलते. तिचा क्लाउडशी संबंध नाही. ‘ड्रायव्हरलेस’ म्हणजे प्रत्येक मॉडेलचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारे सॉफ्टवेअर, न टाकता छापणे. तेही रांग घरातच ठेवून होते. ‘सर्व्हरलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सेवांमध्ये तर व्यवस्थापन तेवढे क्लाउडमध्ये असते, कागदाचा मजकूर ऑफिसबाहेर जातच नाही. ब्रोशरमध्ये हे सगळे शब्द एकाच ओळीत बसतात, आणि कोटेशनही सगळ्याचे मिळून एकच येते.

इंटरनेटवरून छापण्याची कल्पना नवी नाही. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे नेटवरून छापण्याचे ठरवून दिलेले नियम, थोडक्यात आयपीपी, १९९९ मध्ये कागदावर आला आणि तो वेबची पाने आणणाऱ्या एचटीटीपीवरच बसवलेला होता. आजच्या काही क्लाउड सेवाही खाली तोच वापरतात. त्या काळी आपल्याकडे डायल-अपवर एक मेल उघडताना चहा गार व्हायचा, त्यामुळे त्या इतिहासात इथे फार शिरण्यात अर्थ नाही.

‘क्लाउड प्रिंट’ हा शब्द बाजारात रुळवला तो गूगल क्लाउड प्रिंटने. २०१० मध्ये घोषणा झाली. कारण व्यवसायांच्या सोयीचे नव्हते, स्वतःच्या गरजेचे होते. फक्त ब्राउझरवर चालणारे लॅपटॉप येणार होते आणि त्यांच्यात प्रिंटरचे ड्रायव्हर टाकायची सोयच नव्हती. तेव्हा ड्रायव्हरची भानगड क्लाउडमध्ये ढकलायची, असा तो उपाय. जुना प्रिंटर असेल तर एका चालू कॉम्प्युटरवर क्रोम उघडे ठेवायचे, तो दुवा बनायचा. फुकट होते, चालत होते. कर्वे रोडवरून हिंजवडीच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर कागद टाकणे तेव्हा जादूच वाटायचे. अनेकांनी दुसरा काही विचार न करता ते लावून टाकले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कळवण्यात आले, की ३१ डिसेंबर २०२० नंतर ही सेवा बंद. तोवर त्या लॅपटॉपना थेट छापता येऊ लागले होते, म्हणजे कंपनीची मूळ गरज संपली होती. बंद करणाऱ्यांच्या बाजूने सांगायचे तर मुदत वर्षभराहून जास्त दिली होती, आणि सेवेवर शेवटपर्यंत ‘बीटा’, म्हणजे अजून चाचणीत, असा शिक्का होता. पण दहा वर्षे चाललेल्या गोष्टीवरचा ‘बीटा’ कोण वाचतो? शिवाय ते वर्ष २०२० होते. माणसे घरी आणि प्रिंटर ऑफिसात, अशी वेळ आली तीही याच वर्षी. माझ्या मते क्लाउड प्रिंटिंगबद्दल पुण्यातल्या धंदेवाल्यांच्या मनात जी अढी आहे, तिचे मूळ इंटरनेटच्या वेगात नाही, या तारखेत आहे. प्रिंटर बिघडला नव्हता, नेट गेले नव्हते. रांग दुसऱ्याच्या दारात उभी होती आणि त्याने दार लावले.

पुढच्याच वर्षी उलट्या बाजूचा धक्का बसला. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधले, म्हणजे ही रांग सांभाळणाऱ्या भागातले, सुरक्षेचे भगदाड ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजले. ऑगस्टमधल्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला जाऊ लागला. सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर कित्येक ऑफिसांत शेअर केलेला प्रिंटर जोडताच येईना. शेवटी ‘११बी’ असलेला तो एरर नंबर दुरुस्तीवाल्यांना अजून पाठ आहे. अपडेट काढून टाका किंवा विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, रजिस्ट्रीत, एक नोंद घाला, असे उपाय फोनवरून सांगितले जात. दोन्हींचा अर्थ भोक पुन्हा उघडे ठेवणे, हे सांगायला वेळ कुणाला होता? रांग घरात असली की ती राखायचे कामही घरचेच, हे तेव्हा समजले.

याच काळात, मार्च २०२१ मध्ये, मायक्रोसॉफ्टची युनिव्हर्सल प्रिंट ही क्लाउड प्रिंटिंगची सेवा सर्वांसाठी खुली झाली. तिचा हिशेब पानांवर नसून जॉबवर आहे: एक पान छापा नाहीतर दोनशे, जॉब एकच. सुरुवातीला दर युजरमागे महिन्याला ५ जॉब मिळत आणि ते सगळ्यांचे एकत्र धरले जात. म्हणजे वीस माणसांच्या ऑफिसला महिन्याचे १००. सदाशिव पेठेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एवढे जॉब जेवणाच्या सुट्टीआधी संपतील. नंतर मोठ्या प्लॅनमध्ये हा आकडा युजरमागे १०० केला गेला, पण ‘आपल्या प्लॅनला किती’ हे विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

पुण्यातली खरी अडचण मात्र यंत्रांची आहे. इथल्या असंख्य टेबलांवर अजूनही एचपीचा जुना लेझरजेट १०२० उभा आहे. त्याला फक्त यूएसबी आहे. स्वतःचे फर्मवेअरही, म्हणजे यंत्र चालवणारे आतले सॉफ्टवेअरही, तो बाळगत नाही. दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरकडून घेतो. असा प्रिंटर स्वतः क्लाउडशी बोलूच शकत नाही. त्याच्यासाठी दुव्याचा कॉम्प्युटर सतत चालू ठेवावा लागतो, आणि आपली सवय संध्याकाळी मेन स्विच पाडून कुलूप लावायची. त्यात भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात गुरुवारी वीज जाणार हे गृहीतच. डॉट मॅट्रिक्सची गोष्ट आणखी वेगळी. कार्बनच्या तीन प्रतींचे चलन एका फटक्यात काढणारे ते यंत्र गोडाऊनमध्ये आहे, कारण ट्रकवाल्याला सही केलेली प्रत लागते. त्याला क्लाउडवर नेऊन कुणाचे भले होणार आहे, ते मला अजून समजलेले नाही.

‘नेट गेले तर बिल कसे निघणार’ हा आक्षेप मात्र पूर्वीइतका वजनदार राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे झाले आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. ज्याला व्यापाऱ्याच्या नावे बिल करताना पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड आणावाच लागतो, त्याचे काम नेटशिवाय तसेही अडते. लक्ष्मी रोडच्या दुकानात किरकोळ गिऱ्हाइकाला मात्र आयआरएन लागत नाही. धनत्रयोदशीच्या गर्दीत रस्ता खोदताना फायबर तुटली, तर तिथे थर्मल प्रिंटर काउंटरच्याच कॉम्प्युटरला जोडलेला बरा.

डेटाबद्दलही एक गैरसमज ऐकू येतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन क्लाउड केंद्रे सुरू केली, त्यांतले एक पुण्यात. म्हणून ‘आपले कागद पुण्यातच राहतात’ असे सांगितले जाते. केंद्र पुण्यात असणे वेगळे आणि आपल्या प्रिंटची रांग तिथे असणे वेगळे. ते करारात लिहिलेले असावे लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून पगारपत्रके आणि रुग्णांचे रिपोर्ट छापणाऱ्यांनी तरी ते कलम शोधून वाचायला हवे.

आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी एक घोषणा झाली: विंडोज अपडेटमधून प्रिंटर कंपन्यांचे नवे ड्रायव्हर देणे टप्प्याटप्प्याने थांबवणार, पुढचा भर आयपीपीवर. आधीचे ड्रायव्हर लगेच बंद पडणार नाहीत. पण सेकंडहँड १०२० घ्यायला निघालेल्याने, क्लाउडवर जायचे नसले तरी, ही घोषणा ऐकून मग दुकानात जावे.