सहनिवास (मराठवाड्याच्या संदर्भात)

सहनिवास : स्वतःचे घर, स्वतःचा दरवाजा आणि स्वतःची चूल राखून काही कुटुंबांनी ठरवून शेजारी राहण्याची आणि अंगण, पाणी, भोजनगृह, लहानांची व म्हाताऱ्यांची देखभाल यांतले काही सामाईक ठेवण्याची पद्धत. जागा निवडण्यापासून आराखड्यापर्यंतचे निर्णय राहणारेच घेतात. प्रपंचाचा जमाखर्च ज्याचा त्याचा. एकत्र कुटुंब, आश्रम किंवा बिल्डरने बांधून विकलेली सोसायटी यांपेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे.

आधुनिक सहनिवासाचा उगम डेन्मार्कमधला. मुलांना शंभर पालक हवेत, अशी मांडणी बोडिल ग्राए यांनी 1967 मध्ये एका लेखात केली. कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन ही पहिली वसाहत 1972 मध्ये उभी राहिली.

मराठवाड्यात वाड्याची ढाळज (दाराशी असलेली बैठकीची जागा), मधला चौक, लागून असलेली माळवदे (मातीची सपाट छते) आणि पेरणी-काढणीच्या दिवसांतला वारंगुळा (शेतीकामात एकमेकांना आळीपाळीने मदत करण्याची रीत) यांमुळे वाटून घेण्याची सवय जुनी आहे. उन्हाळ्यात गल्ली माळवदावर झोपायला जाई, सांडगे-पापड तिथेच वाळत. पण ही सामाईकता जन्माने मिळे, निवडीने नव्हे. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावच्या आडात पोहरा सोडता येत नसे. जुन्या गावगाड्याला सहनिवासाचा आदर्श म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन या विषयात सर्वांत जास्त शिकवून जाते. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. ती बांधणी बदलणे भागच होते. लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व 1 हेक्टरपर्यंतच्यांना 250 चौरस फूट, 7 हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. रुंद, सरळ रस्ते आणि सुटी घरे आली. भिंती मजबूत झाल्या, पण भावकी आणि शेजार पांगला. जनावरे बांधायला, कडबा रचायला, संध्याकाळी टेकायला जी मधली जागा लागते, ती आराखड्यात फारशी नव्हतीच. लोकांनी पुढे पत्रे टाकून, ओटे घालून ती आपली आपण तयार केली. घर कुणालाही बांधून देता येते, शेजार मात्र राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय आखता येत नाही, आणि सहनिवासाची मांडणी नेमकी तिथूनच सुरू होते.

या प्रदेशात एकत्र येण्याचे सर्वांत रोकडे कारण पाणी आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. प्रत्येक प्लॉटवर वेगळा बोअर पाडला की शेजारचा आटतो. दहा घरांनी एकच बोअर, छतावरच्या पावसाची एकच टाकी आणि वापराची एकच वही ठेवली तर खर्च घटतो, उपशावर नजरही राहते.

मुले पुण्या-मुंबईला गेल्यामुळे एकट्या पडलेल्या वृद्धांना किंवा एकल महिलांना ही पद्धत विशेष उपयोगी ठरू शकते. मात्र सामाईक स्वयंपाकघराच्या पाळीत पुरुषांची नावे नसतील, तर दहा घरांचा स्वयंपाक चार बायकांवरच पडेल. म्हणून पाळीचा नियम घर बांधण्याआधीच लिहून घ्यावा लागतो.

‘सहनिवास’ असा स्वतंत्र कायदेशीर प्रकार महाराष्ट्रात नाही. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली गृहनिर्माण संस्था नोंदवणे हा सरळ मार्ग. संस्थेच्या नावावर जमीन ठेवली, तर सभासदाकडे संस्थेचा भाग (शेअर) आणि राहण्याचा हक्क राहतो. गावालगतच्या शेतजमिनीवर वसायचे, तर अकृषिक वापराचा प्रश्न येतो. शिवाय मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने इथे 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. शेतकरी नसलेल्यांच्या गटाला शेतजमीन घेण्याआधी तो पाहावाच लागतो.