जळालेले कॉलम: गिलाव्यापासून जॅकेटिंगपर्यंत

सांगली, मिरज, कराडच्या बाजारपेठांत १९७० ते १९९० च्या दरम्यान बांधलेली आरसीसी गोदामे आणि दुकाने आजही वापरात आहेत. अशा ठिकाणी आग लागली की काळा पडलेला गिलावा झाडायचा, नवा मारायचा, रंग द्यायचा आणि शटर वर करायचे, हीच रीत होती. कॉलम उभा आहे म्हणजे शाबूत आहे, ही समजूत त्यामागे होती. ती जिवावर बेतू शकते.

साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे काँक्रीट ताकद गमावू लागते. ६०० च्या आसपास निम्म्या ताकदीचाही भरवसा नसतो, आणि गेलेली ताकद थंड झाल्यावर परत येत नाही. वर बंबाच्या पाण्याचा मारा. सिमेंटमधला चुना आगीत भाजलेला असतो. ओल लागली की तो फुगतो. म्हणून आग विझून काही दिवस झाल्यावरही नव्या भेगा उमटतात. झळ किती आत गेली हे बाहेरदेशी रंगावरून ताडतात, कारण ३०० अंशांपुढे काँक्रीट गुलाबी पडते. आपली खडी काळ्या बेसाल्टची, तिच्यात ही छटा फारशी उठत नाही. इथे रंगावर विसंबूच नये, कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापलेला नळकांड्यासारखा नमुना, काढून तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

सळईचेही तसेच. त्या काळी टॉर सळई सर्रास वापरत. ती थंडच पिळून मजबूत केलेली. सुमारे ४५० अंशांवर तापली की पिळाने आलेली ताकद कायमची उतरू लागते.

मजबुतीकरण सातारा जिल्ह्याला नवे नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला गेलेले तडे इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या रासायनिक चिकट द्रवाने) भरले, ताणलेल्या केबल बसवल्या, पुढे मागच्या अंगाला काँक्रीटचा आधार दिला. कॉलमचे जॅकेटिंग, म्हणजे जुन्या कॉलमभोवती सळया-काँक्रीटचे नवे कवच घालणे, मात्र आपल्याकडे रुळले ते २००१ च्या भूज भूकंपानंतर. २०१३ चे आयएस १५९८८ हे मानक भूकंपासाठीच आहे, पण आगीनंतरही तीच पद्धत कामी येते: आधी बीमखाली जॅक लावून भार उतरवायचा, पोकळ वाजणारे काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचे, मग नव्या सळया, जवळजवळ रिंगा आणि किमान १०० मिमीचे नवे काँक्रीट. भार न उतरवता जॅकेट केले तर जुने ओझे जळक्या गाभ्यावरच राहते.

हल्ली कॉलमभोवती कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या तंतूंचे कापड, इपॉक्सीने चिकटवून गुंडाळण्याचा सल्लाही मिळतो. त्याचे इपॉक्सी ६० ते ८० अंशांतच मऊ पडू लागते. तेव्हा गोदामासाठी कोटेशन घेताना वरचा अग्निरोधक थर त्यात धरला आहे का, ते आधी पाहावे.