लंबगोल फोटोचे चार कोपरे

इंदुरातल्या जुन्या मराठी घरात पणजोबांची तसबीर लंबगोल असली, तर वर्षश्राद्धाच्या निमित्ताने ती एकदा उघडून पाहावी. मागचे खिळे उपसले, पुठ्ठा आणि माउंट, म्हणजे फोटोवरची लंबगोल खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, बाजूला केला, की आतून बहुधा साधा चौकोनी फोटोच निघतो. पडद्याची चुरगळलेली कड, अर्धवट दिसणारी खुर्ची, काळवंडलेले कोपरे, सगळं माउंटखाली झाकलेलं. मोबाइलवर किंवा संगणकावर गोल केलेला फोटोही आतून असाच चौकोनी असतो. कोपरे जात नाहीत, फक्त दिसेनासे होतात. तंत्र कितीही बदललं तरी सगळी मेहनत या चार कोपऱ्यांवरच होत आली आहे, आणि काम बिघडतं तेही तिथेच.

लंबगोल व्यक्तिचित्रांची रीत फोटोच्या आधीची. युरोपात सोळाव्या शतकात गळ्यातल्या लॉकेटात मावतील अशी गोल आणि लंबगोल लघुचित्रं काढली जात. शाहजहानच्या काळात मुघल चितारीही लंबगोलात शबीह, म्हणजे व्यक्तिचित्रं, काढू लागले, आणि एकोणिसाव्या शतकात दिल्लीत हस्तिदंताच्या पातळ तुकड्यांवर तशीच चित्रं रंगवून गोऱ्या साहेबांना विकली जात. तिथे आकार दागिन्याचा होता. फोटोत तो टिकला त्याला मात्र भिंगाचं कारण आहे.

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरचं फोटो काढायचं तंत्र जाहीर झालं, पण तेव्हाच्या भिंगातून इतका कमी प्रकाश यायचा की माणसाला कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नात जोसेफ पेत्झवाल यांनी व्यक्तिचित्रांसाठी नवं भिंग आखलं. ते सुमारे एफ ३.६ इतकं उघडं होतं (हा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), त्यामुळे बसण्याचा वेळ सेकंदांवर आला. त्याची किंमत कडेला मोजावी लागली. मधला चेहरा लख्ख, पण कोपऱ्यांकडे चित्र मऊ होत जाई, गरगरल्यासारखं दिसे आणि प्रकाशही घटे. त्या कोपऱ्यांवर पितळी किंवा पुठ्ठ्याची लंबगोल महिरप बसवली की खोड झाकली जाई आणि फोटोला दागिन्याचं रूपही येई. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. फोटो स्वस्त झाले, अल्बम निघाले, आणि अल्बमच्या पानांतही लंबगोल खिडक्या आल्या.

इंदूरचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. लाला दीनदयाळ सरकारी बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला इंदुरात आले, १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले आणि दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या पाठबळावर त्यांनी इथेच स्टुडिओ काढला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून गाजले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

त्या काळी अल्ब्युमिन कागदावर, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर, फोटो उन्हात उमटवत. काचेची निगेटिव्ह आणि कागद चौकटीत दाबून उन्हात ठेवायचा, रंग चढेल तसं डोकावून पाहायचं. आभाळ भरलेलं असलं की हेच काम रेंगाळे. कडा धुक्यासारख्या विरळ हव्या असतील, तर लंबगोल भोक पाडलेला पुठ्ठा निगेटिव्हपासून थोडा उंच धरत आणि त्यावर पातळ झिरमिरीत कागद चिकटवत. पुठ्ठा जितका उंच, तितकी कड मऊ. भोकाची कड करवतीसारखी दातेरी कापली की सावलीची रेघ आणखी पुसट होई. आजच्या साधनांत ‘फेदर’ नावाचा आकडा असतो, तो हीच उंची. २००० पिक्सेल रुंद फोटोला जुन्या स्टुडिओसारखी कड हवी असेल तर ८० ते १२० पिक्सेल फेदर द्यावा. १ पिक्सेल दिला तर फक्त कडेच्या ठिपक्यांचे दाते झाकले जातात, १०० दिले तर धुकं येतं. दोन्हींना एकच नाव असल्याने बरेच जण मधला कुठलातरी आकडा टाकतात, आणि फोटो नुसता हललेला वाटतो.

संगणकावर कोपऱ्यांचा प्रश्न नव्याने उभा राहिला, कारण चित्राची फाइल म्हणजे ठिपक्यांच्या ओळी आणि रकाने. गोल फाइल असं काही नसतं. १९८७ मध्ये गिफ हा चित्रफाइलचा प्रकार आला, १९८९ च्या आवृत्तीत त्याला पारदर्शकता मिळाली, पण ती हो किंवा नाही एवढीच: ठिपका दिसेल किंवा दिसणार नाही. त्यामुळे गोलाच्या कडेला पायऱ्या पडत, आणि पांढऱ्यावर कापलेला गोल गडद पानावर ठेवला की भोवती पांढरी किनार उरे. जेपेगमध्ये पारदर्शकता मुळातच नाही. १९९६ च्या पीएनजीने प्रत्येक ठिपक्याला २५६ पायऱ्यांची पारदर्शकता दिली आणि कड खऱ्या अर्थाने गुळगुळीत झाली. तरी इंटरनेट एक्सप्लोरर ६ या ब्राउझरला ती नीट दाखवता येत नसे, आवृत्ती ७ मध्ये, म्हणजे २००६ मध्ये ते जमलं. तोवर वेबवाले चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार वेगळी चित्रं चिकटवून गोलाई भासवत. शब्दशः चार कोपरे! नंतर ब्राउझरच कोपरे गोल करू लागले. जून २०१७ मध्ये ट्विटरने चौकोनी डीपी गोल केले. फाइल चौकोनीच, फक्त दाखवताना गोल.

म्हणून डीपीसाठी फोटो आधी गोल कापू नये. चौकोनी, निदान ५०० बाय ५०० पिक्सेलचा द्यावा. आपण कापलेला गोल आणि ॲपचा गोल केसभर जरी सरकला तरी कडेला पांढरी चंद्रकोर दिसते.

ब्राउझरमध्ये फोटो दुरुस्त करायची सोय पिकनिक नावाच्या संकेतस्थळाने लोकप्रिय केली. गुगलने ते २०१० मध्ये घेतलं आणि २०१२ मध्ये बंद केलं. ते फ्लॅशवर चालायचं, आणि फ्लॅशही २०२० च्या अखेरीस संपलं. आज ब्राउझरमध्येच चालणारी फोटोपीआ आणि कॅनव्हा ही साधनं हाताशी आहेत. फोटोपीआत फाइल आपल्याच संगणकावर राहते, घरच्या फोटोंसाठी ते बरं. कॅनव्हात गोल फ्रेममध्ये फोटो ओढून टाकला की झालं, पण पारदर्शक पार्श्वभूमीसह उतरवून घ्यायला पैसे लागतात.

फोटोपीआत लंबगोल निवडीचं साधन घ्यावं. शिफ्ट दाबून ओढलं की अचूक वर्तुळ, ऑल्ट दाबलं की मध्यापासून निवड. मग बाहेरचा भाग पुसायचा नाही, मास्क लावायचा, म्हणजे तो भाग न पुसता नुसता झाकणारा थर. मास्क आणि फोटो यांच्यामधली साखळी सोडली की महिरप जागेवर ठेवून चेहरा आत सरकवता येतो, अगदी माउंटखाली फोटो सरकवावा तसा. हा सरकवण्याचा भाग घाईने उरकू नये. लंबगोलात चौकटीचं जवळपास साडेएकवीस टक्के क्षेत्र जातं, आणि जातं ते सगळं कोपऱ्यांतून. वरून दहा टक्के खाली आलं तरी रुंदी ६० टक्केच मिळते, पाच टक्क्यांवर तर ४४. पगडी नेमकी तिथेच कापली जाते. डोळे वरून ४० ते ४५ टक्क्यांवर ठेवले आणि डोक्यावर हवा सोडली तर पगडीही वाचते. दोन ओळींच्या कुटुंब-फोटोला मात्र लंबगोल करूच नये, कडेची आत्या नक्की जाते.

लंबगोलाभोवती सोनेरी पट्टी करतानाही एक फसगत होते. १५०० बाय २१०० चा लंबगोल दहा टक्के मोठा करून मागे ठेवला, तर बाजूंना ७५ आणि वर-खाली १०५ पिक्सेलची पट्टी येते, म्हणजे वर जाड आणि कडेला बारीक. त्याऐवजी कडेने रेघ ओढणारा ‘स्ट्रोक’ वापरावा, तो सगळीकडे सारख्या जाडीचा येतो.

काम झालं की पीएनजी करून ठेवावं. ते व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखं पाठवलं की त्याचा जेपेग होतो, पारदर्शकता गळते आणि कोपरे पांढरे किंवा काळे होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी पोचते. छापायला देताना खाली स्वतःच पांढरा थर घालून सपाट प्रत द्यावी.

मूळ तसबिरीवरून प्रत करायची असेल तर काचेतून मोबाइलने फोटो काढू नये. चमक येतेच, शिवाय फोन जरा तिरका झाला की लंबगोल एका बाजूला फुगतो. फोटो चौकटीतून बाहेर काढून ६०० पीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० पिक्सेल ठेवून, स्कॅन करावा. दमटपणाने फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकटच स्कॅन करावा. जुन्या माउंटच्या आम्लामुळे फोटोवर लंबगोल तपकिरी रेघ उमटलेली असते, म्हणून नवा मास्क त्या रेघेच्या १०-१५ पिक्सेल आत घ्यावा.

फोटो पुन्हा मढवायला नवा माउंट घरीही कापता येतो. ५ बाय ७ इंचांच्या लंबगोलासाठी मध्यापासून वर आणि खाली २.४५ इंचांवर एकेक टाचणी रोवायची, ११.९ इंच घेराचा दोऱ्याचा फास दोन्हींभोवती टाकायचा आणि पेन्सिलीने तो ताणत फिरवायचं. दोरा ताणला जाणारा नको, नाहीतर लंबगोल मोठा होतो. फोटो छापून घेताना मात्र या मापाहून चारी बाजूंनी पाव इंच मोठा घ्यावा, माउंटच्या कडेखाली दडायला तेवढा लागतो.