सिंगापूर–क्वालालंपूर: हवाई अंतर वेगळं, प्रवासाचा वेळ वेगळा

सिंगापूर-मलेशिया-थायलंड ही कितीतरी मराठी घरांची पहिली परदेशवारी. ती आखताना नकाशावरचं हवाई अंतर पाहून वेळेचा हिशोब मांडला की पहिल्याच दिवशी गणित चुकतं.

सिंगापूरचा चांगी विमानतळ ते क्वालालंपूरचा केएलआयए विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ३०० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरला तर विमान बावीस-तेवीस मिनिटांत पोचायला हवं. वेळापत्रक मात्र तासाहून जास्त वेळ दाखवतं. तिथला वेळ मोजायला सुरुवात होते विमान गेटवरून मागे ढकलतात तेव्हा, आणि तो संपतो पलीकडच्या गेटवर चाकं थांबल्यावर. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, पाळीची वाट पाहणं, चढणं, वळसा घेऊन उतरणं, सगळं त्यातच. एवढ्या छोट्या मार्गावर विमान वर जाऊन जरा स्थिरावतं तोच उतरायला लागतं.

हा वरखर्चाचा वेळ अंतराबरोबर फारसा वाढत नाही. म्हणून सिंगापूर–बँकॉक अंतर १,४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेचारपटीहून अधिक असूनही उड्डाण अडीच तासांच्या आत आटोपतं.

बँकॉकच्या तिकिटावर आणखी एक गोंधळ होतो. समजा, उड्डाण २ तास २५ मिनिटांचं आहे. सिंगापूरहून दुपारी १ वाजता निघालेलं विमान बँकॉकला २:२५ ला उतरतं. परतताना १ वाजता निघालेलं सिंगापूरला ४:२५ ला. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि बँकॉक एक तास मागे आहे. नकाशा इथे काहीच मदत करत नाही, कारण क्वालालंपूर आणि बँकॉक जवळपास एकाच रेखांशावर आहेत. तरी त्यांच्या घड्याळांत तासाचा फरक. हा फरक सूर्याने नाही, सरकारने ठरवलेला. १९८२ च्या पहिल्या दिवसापासून द्वीपकल्पीय मलेशियाने घड्याळ अर्धा तास पुढे घेऊन बोर्निओ बेटावरच्या सबा आणि सारावाक या मलेशियाच्याच राज्यांशी जुळवलं, सिंगापूरनेही तेच केलं. म्हणूनच क्वालालंपूरला सूर्य सातनंतर उगवतो. आपल्यापेक्षा सिंगापूर आणि मलेशिया अडीच तास पुढे, थायलंड दीड तास. जोडविमान पकडायचं असेल तर हे आधी कागदावर मांडाच.

आता हॉटेल ते हॉटेल वेळ पाहा. केएलआयए सेपांगला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथून केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य रेल्वे स्थानकाला वेगवान रेल्वेनेही अर्धा तास लागतो. दोन तास आधी पोचणं, इमिग्रेशन, सामान धरलं तर तासाभराचं उड्डाण पाच तासांवर जातं. रस्त्याने ३५० किलोमीटर, बसला पाच-सहा तास, आणि ती शहरातून शहरात सोडते! या दोन शहरांमध्ये ९० मिनिटांत नेणारी वेगवान रेल्वे ठरली होती, पण तो करार रद्द झाल्याचं दोन्ही देशांनी १ जानेवारी २०२१ ला जाहीर केलं.

या एका टप्प्यापुरती मी बसच सुचवेन. आई-बाबा सोबत असतील तर मात्र विमान बरं, कारण सीमेवर दोनदा बसमधून उतरावं लागतं आणि मलेशियाच्या बाजूला बॅगा घेऊन रांगेत उभं राहावं लागतं.