परलोकाशी बोलणाऱ्या स्त्रिया आणि दोन डॉक्टरांचे दाखले

मार्च १८४८च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात मॅगी आणि केट फॉक्स या दोन लहान बहिणींनी, घरात ऐकू येणारी टकटक म्हणजे एका मृताची उत्तरे आहेत, असा दावा केला. त्यातून मृतांचे आत्मे जिवंतांशी बोलतात असे मानणारी स्पिरिच्युअलिझमची चळवळ उभी राहिली. १८५२मध्ये बॉस्टनच्या मिसेस हेडन ही मीडियम, म्हणजे आत्मे जिच्यामार्फत बोलतात असे मानले जाई ती व्यक्ती, लंडनला आली आणि पाहता पाहता इंग्लंडमधील सुखवस्तू दिवाणखान्यांत आत्म्यांना बोलावण्याच्या बैठका भरून टेबले फिरू लागली. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी साधे उपकरण लावून, टेबल फिरवतात ते भोवती बसलेल्यांचेच हात, फक्त त्यांना त्याची जाणीव नसते, हे दाखवून दिले. त्यामुळे बैठका थांबल्या नाहीत. मात्र पुढील वादाचा मुख्य प्रश्न, म्हणजे माणूस नकळत काय काय करू शकतो हा, तेव्हाच मांडला गेला.

मीडियम म्हणून पुढे आलेल्यांत स्त्रिया ठळकपणे दिसतात आणि त्याचे कारण त्या काळच्या स्त्रीविषयक कल्पनांतच होते. स्त्री स्वभावतः निष्क्रिय, तिच्या मज्जा नाजूक, तिची इच्छाशक्ती दुबळी, म्हणून परक्या आत्म्याला तिच्या देहात शिरकाव सोपा, असे या पंथाचे अनुयायी मानत. या दुबळेपणाच्या बदल्यात तिला जे मिळे ते थोडेथोडके नव्हते. समाधीत गेलेली स्त्री व्यासपीठावरून धर्मशास्त्रावर बोलू शके, कारण बोलणारी ती नसून आत्मा असे. हॅकनीची किशोरवयीन फ्लॉरेन्स कुक हिला मँचेस्टरचे धनिक चार्ल्स ब्लॅकबर्न यांनी आर्थिक आधार दिला, तर विल्यम क्रूक्ससारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने १८७४मध्ये तिच्या बैठकांत प्रकटणाऱ्या ‘केटी किंग’च्या खरेपणाची ग्वाही दिली. १८८०मध्ये सर जॉर्ज सिटवेल यांनी एका बैठकीत ‘आत्म्या’ला धरले तेव्हा हाती लागली ती फ्लॉरेन्सच.

फसवणुकीचा हा भाग रंजक असला तरी स्त्रियांवरील खरे संकट वेगळ्या दिशेने आले. मीडियमला पात्र ठरवणारी लक्षणे आणि डॉक्टरांच्या लेखी हिस्टेरियाची, म्हणजे त्या काळी मुख्यतः स्त्रियांचा मानल्या जाणाऱ्या मज्जाविकाराची, लक्षणे जवळजवळ एकच होती. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी मेंदूच्या अजाण कार्याचा सिद्धान्त मांडून हा विषय निदान शरीरशास्त्राच्या कक्षेत तरी ठेवला. इतरांनी तेवढाही संयम पाळला नाही. न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक मार्विन यांनी १८७४मध्ये ‘मीडिओमेनिया’ नावाचा विकारच कल्पिला आणि गर्भाशय जरासे पुढे कलले की बाई घर सोडून स्पिरिच्युअलिझमसारख्या एखाद्या अतिरेकी मताच्या मागे लागते, असे गंभीरपणे लिहिले. लंडनमध्ये खासगी मनोरुग्णालये चालवणारे डॉ. फोर्ब्स विन्स्लो यांनीही याच सुमारास, हा पंथ वेडाचे मोठे कारण आहे, असे सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली.

या मतांना धार आली ती कायद्यामुळे. इंग्लंडमधील वेडेपणाविषयीच्या १८४५च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांनुसार खासगी रुग्णाला मनोरुग्णालयात कोंडण्यासाठी नातेवाइकाचा किंवा परिचिताचा सहीचा आदेश आणि दोन डॉक्टरांचे स्वतंत्र तपासणीचे दाखले एवढेच पुरत. सरकारी खर्चाने ठेवायच्या गरिबासाठी बहुधा मॅजिस्ट्रेटची सही लागे. पैसे भरून ठेवायच्या पत्नीसाठी ती लागत नसे. शिवाय विवाहितेला स्वतःच्या नावाने फिर्याद करण्यात कायद्याचाच अडसर होता.

डेव्हनमधील अपॉटरीच्या पाद्र्याची पत्नी लुईझा लो ही आत्म्यांच्या प्रेरणेने आपोआप लेखन करीत असे आणि त्या लेखनात पतीवर व्यभिचाराचा आरोप होता. ती घर सोडून गेल्यावर सप्टेंबर १८७०मध्ये तिला ब्रिस्टलजवळच्या ब्रिस्लिंग्टन हाउस या मनोरुग्णालयात आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली यांच्या हॅनवेल येथील लॉन हाउसमध्ये ठेवण्यात आले. सुटकेनंतर १८७३मध्ये तिने वेडेपणाच्या कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून संघटना स्थापन केली आणि १८७७मध्ये संसदेच्या निवड समितीपुढे साक्ष दिली. निरोगी माणसांना कटाने डांबल्याचे गंभीर आरोप सिद्ध होत नाहीत, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही, कारण दाखल झालेल्यांपैकी अनेकजण खरोखरच आजारी होते. परंतु आजारी कोण हे ठरवताना पतीच्या सोयीला केवढा वाव होता, या प्रश्नाला समितीने फारसा हात घातला नाही.

दुसऱ्याच वर्षी तो प्रश्न चव्हाट्यावर आला. गायिका जॉर्जिना वेल्डन पतीपासून विभक्त होऊन लंडनच्या टॅविस्टॉक हाउसमध्ये अनाथ मुलांना संगीत शिकवीत असे. तिचा खर्च पतीला द्यावा लागे आणि तो त्याला जड वाटत होता. ती आत्म्यांवर विश्वास ठेवते, एवढे भांडवल त्याला पुरले. एप्रिल १८७८मध्ये विन्स्लो आणि त्यांचे सासरे मुलांविषयी आस्था असलेले गृहस्थ बनून खोट्या नावांनी तिच्याकडे गेले. त्याच संध्याकाळी दाखल्यासाठी तिला तपासायला आणखी दोन डॉक्टर आले. दुसऱ्या दिवशी तिला न्यायला परिचारिका दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मदतीला धावून आली ती लुईझा लो. दाखल्यांची मुदत सात दिवसांची होती, हे जाणून जॉर्जिना तेवढे दिवस दडून राहिली आणि मग थेट वर्तमानपत्रांकडे गेली. मॅजिस्ट्रेटने सहानुभूती दाखवली. विवाहितेला फिर्याद करता येत नसल्याने तो अधिक काही करू शकत नव्हता.

१८८२च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याने तो अडसर दूर केला. त्यानंतर तिने विन्स्लो आणि दाखला देणारे डॉ. सेंपल यांच्यासह अनेकांना कोर्टात खेचले, वकील न लावता स्वतः युक्तिवाद केला आणि १८८४मध्ये या दोघांविरुद्ध नुकसानभरपाई मिळवली. तिला एवढी प्रसिद्धी मिळाली की पिअर्स साबणाच्या जाहिरातीतही ती झळकली. विन्स्लोंविरुद्धच्या पहिल्या सुनावणीत न्यायमूर्ती हडलस्टन यांनी दावा फेटाळला होता, पण अशा सहजतेने कोणालाही डांबता यावे याबद्दल धक्काही व्यक्त केला होता.

१८९०च्या लूनसी (वेडेपणाविषयीच्या) कायद्याने खासगी रुग्णासाठीही न्यायाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक केला. दरम्यान, आपोआप होणाऱ्या लेखनाचा अभ्यास नव्या हातांत गेला होता. १८८२मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या गूढ अनुभवांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे फ्रेडरिक मायर्स त्याकडे मनाच्या दडलेल्या थराचे कार्य म्हणून पाहू लागले, तर फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९च्या आपल्या प्रबंधात ते मनाच्या विघटनाचे लक्षण मानले, म्हणजे गर्भाशयाची जागा मनाने घेतली, पण रुग्ण बहुतांशी स्त्रियाच राहिल्या.