एचडीएलचा आकडा वेगळा, एचडीएलचं काम वेगळं

मामांच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ६२ आलं आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८. ‘चांगलं भरपूर आहे, वाइटाला तेच बघून घेईल,’ म्हणत त्यांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद केली. हा हिशोब इतक्या घरांत ऐकलाय की आता राग येतो.

एलडीएल धमन्यांच्या भिंतीत साचतं, हे सगळ्यांना पाठ आहे. कोलेस्टेरॉल दोन्हींत एकच असतं, वाहून नेणारे कण तेवढे वेगळे. म्हणून ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ हे नावच मला पटत नाही.

खरा घोळ पुढे आहे. एचडीएलचे कण भिंतीतल्या पेशींकडून जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलतात. काही थेट यकृताला देतात, काही वाटेत दुसऱ्या कणांच्या हवाली करतात. यकृत त्यातलं बरंचसं पित्तावाटे बाहेर काढतं. हे झालं काम. रिपोर्टमधला आकडा मात्र रक्त काढलं त्या घटकेला या कणांत किती कोलेस्टेरॉल भरलं होतं, एवढंच सांगतो. सकाळी आठ वाजता घंटागाडीतला कचरा मोजला, तर किती घरांतून उचलला आणि डेपोवर किती ओतला हे कसं कळणार? डेपोवर न गेलेली गाडीही भरलेलीच दिसते.

टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएलमधून दुसऱ्या कणांकडे जाणारं कोलेस्टेरॉल अडवलं. आकडा सुमारे ७० टक्क्यांनी वाढला. मृत्यूही वाढले आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाब चढायचा, म्हणून सगळा दोष तिकडे ढकलता आला असता. पण पुढे स्टॅटिनच्या जोडीला नायसिन हे एचडीएल वाढवणारं औषध देऊनही आकडा वाढला आणि हार्ट अटॅक कमी झाले नाहीत.

एचडीएल कमी असणं मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पुरुषांत ४०, बायकांत ५० च्या खाली असेल, तर बहुतेक वेळा सोबत वाढलेले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी), सुटलेलं पोट, साखर किंवा सिगारेट सापडते. इलाज त्यांच्यावर करायचा. एचडीएल वाढावं म्हणून वाटीने तूप खाणं मला अजिबात मान्य नाही.

मी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून बघते. उरतं ते भिंतीत रुतू शकणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल. हा आकडा साधारण १३० च्या आत हवा, हृदयविकार असेल तर त्याहूनही खाली. मामांचे २५५ वजा ६२, म्हणजे १९३. तो आकडा रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहिला आणि मामांना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले.