यंत्र हुशार, फोटो धूसर

मधुमेह डोळ्यात शिरतो तेव्हा सुरुवातीला काहीच कळत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पेपर नेहमीसारखा वाचता येतो. आत पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या मात्र जागोजागी फुगू लागतात, झिरपू लागतात. अंधुक दिसायला लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. म्हणूनच शुगर असलेल्याने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा, असं डॉक्टर सांगतात. पण आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. एवढे पडदे दरवर्षी बघायला डोळ्यांचे डॉक्टर आणायचे कुठून?

ही नड ओळखून गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेहाने पडदा बिघडलाय का, हे ओळखायला शिकवण्यासाठी पडद्याचे १,२८,१७५ फोटो संगणकाच्या एका प्रोग्रामला दाखवले. त्यांतले बरेचसे फोटो भारतातल्या नेत्ररुग्णालयांतून गेलेले, मदुराईच्या अरविंदमधलेही त्यांत होते. प्रत्येक फोटोवर तीन ते सात डॉक्टरांनी आपापलं मत दिलं, कारण एकाच फोटोवर दोन डॉक्टरांचं जमेलच असं नाही. प्रोग्रामला लाल ठिपका म्हणजे काय, पिवळा डाग म्हणजे काय, हे कुणी शिकवलं नाही. त्याने उत्तर द्यायचं, चुकलं की आतली आकडेमोड जराशी बदलायची, पुन्हा उत्तर द्यायचं. असं लाखो वेळा करून तो तज्ज्ञांच्या तोडीला आला. पुढे २०१८ मध्ये अशाच एका प्रोग्रामने नुसत्या पडद्यावरून माणूस पुरुष की स्त्री हेही बहुतेक वेळा बरोबर ओळखलं. हे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही जमत नाही, आणि प्रोग्राम नेमकं काय पाहून ओळखतो हे सांगणं कठीण आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फोटोवरून पडदा तपासणाऱ्या आयडीएक्स-डीआर या प्रणालीला परवानगी दिली. तिचा निकाल द्यायला तज्ज्ञाने फोटो बघावाच लागत नाही.

आता काम झालंच, असं वाटावं. मग गूगलचं यंत्र थायलंडच्या दवाखान्यांत गेलं.

पथुम थानी आणि चियांग माई या प्रांतांतल्या ११ दवाखान्यांत नर्स फोटो काढत होत्या. पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्राने नाकारले. नर्सचा हात वाईट नव्हता. पडद्याचा फोटो बाहुलीतून काढायचा असतो, आणि बाहुली मोठी व्हायला खोलीत अंधार लागतो. पूर्ण अंधार करता येईल अशी वेगळी खोली दोनच दवाखान्यांत होती. त्यात फोटो इंटरनेटवरून पाठवायचे. एकेकाला मिनिट-दीड मिनिट लागायचं आणि बाहेर रांग वाढत जायची. फोटो नाकारला गेला की नियमाप्रमाणे रुग्णाला दुसऱ्या ठिकाणी तज्ज्ञाकडे पाठवायचं. ज्याच्या डोळ्याला काही झालेलंच नाही, त्यानेही एक दिवस मोडून, गाडीभाडं खर्चून जायचं. साहजिकच काही नर्स रुग्णांना या तपासणीत भाग घेऊ नका असंच सुचवू लागल्या. माझ्या मते या सगळ्या विषयावरचा सर्वांत मोलाचा अभ्यास हाच, कारण इथे संशोधकांनी यंत्रापेक्षा नर्सच्या टेबलाकडे जास्त लक्ष दिलं.

इंटरनेटच्या अडचणीवर आपल्याकडे एक उपाय निघाला आहे. बेंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीचा कॅमेरा स्मार्टफोनवर चालतो आणि फोटोचा निकाल फोनच देतो, रेंज नसली तरी. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायलाच हवेत असे सगळे रुग्ण या फोनने पकडले, एकही सुटला नाही. वाचून हुरळून जायला नको. असे रुग्ण त्या चाचणीत मुळात मोजकेच होते, आणि संख्या लहान असली की १०० टक्के हा आकडा सहज हाताला लागतो. ज्यांना पाठवायची गरज नव्हती त्यांपैकी ८८.४ टक्के लोकांना त्याने बरोबर घरी जाऊ दिलं. म्हणजे शंभरातल्या अकरा-बारा जणांचा हेलपाटा फुकट.

या हेलपाट्याचा हिशेब मात्र अचूकतेच्या आकड्यात कुठेच येत नाही. रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात ‘पुढे दाखवा’ अशी चिठ्ठी पडते तेव्हा त्याचा एक खाडा ठरलेला असतो. दिसतंय तर व्यवस्थित, मग कशाला जायचं, हा त्याचा प्रश्नही खोटा नाही. अशी यंत्रं विकत घेणाऱ्या सरकारी खात्याने कंपनीला अचूकता जरूर विचारावी; पण चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जण खरोखर लेसरच्या उपचारापर्यंत पोचले, याची नोंद स्वतः ठेवावी.

आणि नाकारलेले फोटोही वाया गेले असं धरू नये. साठीपुढच्या माणसाचा फोटो धूसर येतो तो पुष्कळदा मोतीबिंदूमुळे. ज्या धूसरपणामुळे यंत्राला पडदा दिसत नाही, त्याच धूसरपणामुळे त्या माणसालाही पुढचं नीट दिसत नसतं. अशा वेळी पुन्हापुन्हा फ्लॅश मारत बसण्यापेक्षा त्याला सरळ मोतीबिंदूच्या तपासणीला पाठवलेलं बरं. त्याचं ऑपरेशन झालं की पडद्याचा फोटोही स्वच्छ निघतो.